रकाना सात

"बाई, निरंक म्हणजे काय हो?"

एवढंच विचारलं तिनं. बुधवार होता, दुपारचे एक वाजून दहा मिनिटं झाली होती, आणि माझ्या खोलीत, म्हणजे खेळाच्या सामानाची खोली आणि जिना यांच्यामध्ये पार्टिशन टाकून मला दिलेल्या त्या फटीत, ती खुर्चीच्या अगदी कडेला बसली होती. शर्टांच्या कारखान्यात ती तपासणीला होती. जेवणाच्या सुट्टीत आली होती आणि तिच्याकडे पंधरा मिनिटं होती, त्यातली सहा फाटकापासून माझी खोली शोधण्यात गेली होती. मी तिच्यापुढे तिच्या मुलीचा अहवाल सरकवला होता, सहीच्या जागेवर पेन्सिलीनं फुली मारून. सगळे पालक फुली बघतात, सही करतात, उठतात. ही वाचायला लागली. बोट ठेवून, पहिल्या ओळीपासून. मी घड्याळाकडे बघितलं, तिनंही बघितलं, आणि तरी ती वाचत राहिली. सातव्या रकान्यावर बोट थांबलं. 'घरातील शैक्षणिक वातावरण', आणि त्यापुढे माझ्या वळणदार अक्षरात तो एक शब्द. मी म्हटलं, "काही नाही हो, तो ऑफिसातला शब्द आहे. निरंक म्हणजे... काही नाही." ती म्हणाली, "काहीच नाही?" मी हसले. माझं ते धंद्याचं हसू आहे, समोरच्याला धीर देणारं. ते अर्ध्यावरच अडकलं, कारण ती इकडेतिकडे न बघता सरळ माझ्याकडे बघत होती, आणि रागानंही नाही. एखाद्या शर्टाची शिवण बघावी तशी. मग तिनं कागदाची नीट घडी केली, पिशवीत ठेवली, म्हणाली, "सही उद्या-परवा करते. पोरीला विचारून." आणि पदरानं कपाळ पुसत गेली. जिन्यावर तिच्या चपला वाजत राहिल्या. डावी जरा जास्त वाजत होती.

मला मुलं डोक्याच्या बाई म्हणतात. हुद्दा लांबलचक आहे, शालेय मानसशास्त्रज्ञ, पण तो पगारपत्रकापुरता. एखादं मूल वर्गात मागे पडलं, की त्याला माझ्याकडे पाठवतात. मी त्याला कोडी घालते, चित्रं दाखवते, लाल-पांढरे ठोकळे देऊन त्यांच्या नक्ष्या करायला लावते, हातातलं घड्याळ दाबते आणि शेवटी एक आकडा काढते. आकडा रेषेच्या वर असेल तर मूल आपल्या वर्गात परत जातं. खाली असेल तर तळमजल्यावरच्या वर्गात. त्या वर्गाचं नाव गोड आहे, विशेष साहाय्य वर्ग. पण मुलं त्याला 'खाली' म्हणतात, आणि मुलांचं मराठी आमच्यापेक्षा स्वच्छ असतं. खाली प्रयोगशाळा नाही, खालची मुलं पुढे मोठ्या शाळेच्या परीक्षेला बसत नाहीत, आणि अकरा वर्षांत मी पाठवलेल्यांपैकी दोघंच परत वर आली. या मुलीचा आकडा रेषेच्या तीन गुण खाली होता. शुक्रवारी समितीची बैठक होती. तिच्या चौथीच्या वर्गात सगळे तिला गोगलगाय म्हणत, बाईसुद्धा, प्रेमानं म्हणते असं त्या म्हणत. ठोकळे हातात घेतले की ती प्रत्येक ठोकळा उलटसुलट करून बघायची. सहाही बाजू. मग दुसरा. मग तिसरा. माझं घड्याळ चालू असायचं. नक्षी बरोबर यायची, प्रत्येक वेळी बरोबर, पण वेळेचे गुण हातचे जायचे. मी नोंदवहीत लिहिलं होतं: 'अनावश्यक हालचाली.' शेवटच्या नक्षीला तर तिनं नऊ ठोकळे फिरवून बघितले, हात मांडीवर ठेवले आणि म्हणाली, "हे होणार नाही." मी लिहिलं: 'प्रयत्न लवकर सोडते. चिकाटी कमी.' आणि शब्दांच्या भागात विचारलं, शर्ट आणि चप्पल यांत सारखं काय? तर म्हणे, "दोन्ही आधी आतून खराब होतात." पुस्तकात उत्तर होतं, दोन्ही अंगात-पायात घालायच्या वस्तू. मी शून्य दिलं. द्यावंच लागतं. पण तेव्हा क्षणभर पेन थांबलं होतं, हे मला त्या संध्याकाळी घरी जाताना बसमध्ये आठवलं.

बसमध्ये खिडकीची जागा मिळाली तरी बरं वाटेना. निरंक. चमत्कारिक आहे, पण हा शब्द मला फार लाडका. आमचे अण्णा, माझे वडील, कचेरीत हेडक्लार्क. रकाना मोकळा सोडणं म्हणजे त्यांच्या लेखी उघड्या दारानं झोपणं. सांगण्यासारखं काही नसेल तर निरंक लिहा, पण लिहा. संध्याकाळी ते घरी आले, चपला काढल्या, की मोठ्यानं विचारायचे, "तक्रारी?" आणि मी आतून धावत येऊन ओरडायची, "निरंक!" "मारामाऱ्या?" "निरंक!" "पडझड?" मग मी गुडघा पुढे करायची आणि ते चष्मा कपाळावर चढवून म्हणायचे, "एक. किरकोळ." सहा-सात वर्षांची असेन. शब्दाचा अर्थ कळत नव्हता, पण तो म्हटला की घर सुखरूप आहे असं वाटायचं. तोच शब्द मी हाताला सवय म्हणून त्या बाईच्या घरावर चिकटवून दिला होता. म्हणजे माझ्या मनात वाईट काही नव्हतं. हे वाक्य मी बसमध्ये तीन-चारदा स्वतःशी म्हटलं, आणि तिसऱ्या-चौथ्या वेळी मला त्याची लाज वाटली. अशी वाक्यं मी रोज दुसऱ्यांच्या तोंडून ऐकते.

आणि मग, आमचा थांबा यायच्या आधी, दुसरंच काहीतरी वर आलं. मला शाळेत घालायचं होतं त्या दिवसाचं. अण्णा टेबलाशी बसून माझा प्रवेशाचा अर्ज भरतायत. मी टेबलाखाली. आई दारात, हात ओले. वडिलांचे शिक्षण, वडिलांचा व्यवसाय, सगळं अण्णा मोठ्यानं म्हणत लिहितायत, आणि मग 'आईचे शिक्षण' आलं आणि ते गप्प झाले. पेन मात्र चाललं. आईनं विचारलं, "तिथं काय लिहिलंत?" अण्णा म्हणाले, "काही नाही." ते खोटंही नव्हतं. आई म्हणाली, "काही नाही का? बरं." आणि आत गेली. टेबलाखालून मला फक्त तिचे पाय दिसले, ते जरा वेळ उंबऱ्याशी घुटमळले. आईला वाचता येत नव्हतं. पण आजी अंथरुणाला खिळली तेव्हा तिच्या सात औषधांच्या बाटल्यांना आई दोऱ्याच्या गाठी मारून ठेवायची. एक गाठ सकाळची, दोन दुपारच्या, सैल गाठ जेवणाआधी, घट्ट जेवणानंतर. डॉक्टरांनी औषध बदललं की गाठ बदलायची. चार वर्षं. एक चूक नाही. एकदा अण्णांनी चिठ्ठी वाचून गोळी द्यायला घेतली तर तिनं त्यांचा हात धरला, "अहो, ही रात्रीची." मी पुढे मानसशास्त्र शिकले, स्मृतीवर दोन वर्षं अभ्यास केला, पदवी घेतली, आणि त्या गाठी मला एकदाही आठवल्या नाहीत. आई गेली त्याला नऊ वर्षं झाली. आता तिला सांगून काय उपयोग, आणि सांगणार तरी काय?

गुरुवारी मी शाळेत जाऊन आधी कपाट उघडलं. अकरा वर्षांचे अहवाल, माझेच, फितीत बांधलेले. कारकून म्हणाला, "बाई, साफसफाई काढली वाटतं?" मी म्हटलं, "हो, तसंच." एकेक फीत सोडून मी फक्त सातवा रकाना वाचत गेले. खाली पाठवलेली मुलं बावन्न. त्यातल्या चव्वेचाळीस जणांपुढे, वर्ष कुठलंही असो, शाई निळी असो की काळी, तोच शब्द, तेच माझं वळणदार अक्षर. पत्ते बघितले. चव्वेचाळीसपैकी एक्केचाळीस पुलापलीकडचे, कारखान्याच्या चाळींतले. मग वर राहिलेल्यांचे अहवाल काढले. तिथं मी कसं लिहिलं होतं! 'घरी पुस्तकांचे कपाट. आई स्वतः अभ्यास घेते. वडिलांशी विज्ञानावर गप्पा.' एका ठिकाणी तर मांजराचं नावसुद्धा. हे मला कसं कळलं होतं? कारण ते लोक तास-तासभर येऊन बसले होते. त्यांना सकाळी अकरा वाजता येता येत होतं. ते बोलले, मी लिहिलं. पंधरा मिनिटांत आले त्यांच्यासाठी मी फुली मारून ठेवली होती. मी जे घराचं म्हणून लिहीत आले ते खरं तर कुणाला किती सुट्टी मिळते त्याचं होतं. सामानाच्या खोलीत कुणीतरी चेंडू आपटत होतं, पार्टिशन थरथरत होतं. मी कपाळाला हात लावून बसले. मला रडू आलं, आणि नेमकं तेव्हाच कारकुनानं चहा आणून ठेवला आणि म्हणाला, "धूळ फार आहे हो त्या कागदांना." मी म्हटलं, "फारच आहे."

संध्याकाळी मी पूल ओलांडला. अकरा वर्षांत पहिल्यांदा, चालत. खरं सांगायचं तर माझी धडगत वाटत नव्हती. ती मला दारातच म्हणेल, आता काय बघायला आलात, निरंक? पण ती म्हणाली, "या, बसा. पाणी घ्या." एकच खोली, दोन खिडक्या, आणि एका खिडकीखाली गोगलगाय बसलेली. तिच्यापुढे शर्टांचा ढीग होता. कारखान्यातून परत आलेले, दोषाचे शर्ट आई घरी आणून दुरुस्त करते, तर कुठं काय बिघडलंय हे शोधून द्यायचं काम लेकीचं, अभ्यास झाल्यावर, उजेड असेपर्यंत. मी बसून बघितलं. तिनं शर्ट घेतला, आधी उलटा केला. काखेची शिवण, मग कॉलर आतून, मग बाह्या, मग खिसा आतून. एकही बाजू सुटत नव्हती. मग सुलटा करून तेच पुन्हा. दुसऱ्या बाहीशी थांबली, नखानं एक टाका उचलला आणि खडूची रेघ मारली. मला तो टाका दोन फुटांवरून दिसेना, चष्मा पुसला तरी दिसेना. आई म्हणाली, "मी शिकवलंय तिला. आधी उलटं बघायचं. घाई केली की दोष तसाच बाहेर जातो, आणि मग ज्याच्या अंगावर जातो त्याला टोचतो." अनावश्यक हालचाली. मी मान खाली घातली. खडूची रेघ सरळ होती.

तेवढ्यात ती मुलगी, हातातलं काम न थांबवता, म्हणाली, "बाई, तो नववा ठोकळा बदललात का?"

"कुठला गं?"

"तो, ज्याला तिरकी बाजूच नाहीये. बाकीच्या आठांना दोन बाजू लाल, दोन पांढऱ्या, दोन अर्ध्या-अर्ध्या तिरक्या. त्याला तीन लाल, तीन पांढऱ्या. आणि शेवटच्या नक्षीला नऊच्या नऊ तिरक्या लागतात. म्हणून तर म्हटलं मी, होणार नाही."

"मग तेव्हा सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं की. तुम्ही लिहीत होतात."

आई म्हणाली, "अगं, बाईंशी असं बोलतात का?" मी म्हटलं, "बोलू द्या तिला." आठ वर्षांपूर्वी एक ठोकळा हरवला होता. नवा संच मागवायचा तर अर्ज, मंजुरी, वर्षभर वाट. म्हणून मी शाळेच्या सुताराला सांगितलं होतं, एक करून द्या, लाल-पांढरा रंग द्या. त्यानं फार हौसेनं दिला. मीही कौतुकानं डब्यात ठेवला. तेव्हापासून शेवटची नक्षी एकाही मुलाला आली नव्हती, आणि मी नव्या शिक्षकांना सांगायची, ती नक्षी फार अवघड बरं का, क्वचितच कुणाला जमते. आठ वर्षं मुलं माझ्यासमोर घामाघूम होऊन ती करत बसली. कुणी रडलं, कुणी ठोकळे ढकलून दिले, बहुतेकांनी नुसतं चुकीचं काहीतरी लावून दिलं आणि माझ्याकडे बघितलं. ठोकळे उलटून बघणारी ही पहिली.

शुक्रवारी बैठकीआधी मी मोठ्या बाईंच्या खोलीत गेले. मोठ्या बाई म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका. पंचवीस वर्षं शाळा चालवतायत, मला त्यांनीच घेतलं, आणि माझं त्या ऐकतात ते मी कमी बोलते म्हणून. सगळं ऐकून त्यांनी ठोकळा हातात फिरवला आणि हसू आवरत म्हणाल्या, "सुतारबुवांनी चांगलाच घोळ घातलाय. त्या नक्षीचे चार गुण ना? देऊन टाक. तीन कमी होते, एक वर होईल. मुलगी राहील वर. झालं!" आणि खरं सांगते, मोह झाला. चार गुण म्हणजे वहीत मारायच्या चार रेघा. तिची आई सही करेल, गोगलगाय चौथीत राहील, आणि कपाटाला पुन्हा फिती बांधता येतील. मी म्हटलं, "आणि बाकीच्या चव्वेचाळिसांचं काय?" त्या म्हणाल्या, "त्यांनाही चार-चार देणार आहेस का?" मी म्हटलं, "नाही. ठोकळ्यानं फार तर दोघा-चौघांचा फरक पडेल. त्यांना मी बघितलंच नाही, बाई. पुन्हा बघायचंय. घड्याळ न लावता, त्यांच्या घरी जाऊन, त्यांच्या आईवडिलांच्या वेळेला. आणि तोवर कुणाला खाली पाठवायचं नाही." मोठ्या बाईंनी चष्मा काढला. "म्हणजे अकरा वर्षं तू चुकलीस असं तू त्या लोकांसमोर सांगणार? तुझी नोकरी आहे गं ही." मी म्हटलं, "हो, आहेच." टेबल धरलं असतं तर त्यांना दिसलं असतं, म्हणून पिशवी धरली.

बैठकीत पाच जण होते. वरच्या कचेरीतून आलेले अधिकारी मध्यभागी, त्यांच्यापुढे कागदांचा गठ्ठा आणि पाण्याचा पेला. मी भाषण लिहून नेलं होतं, दीड पान. ते काढलंच नाही. डबा उघडला, नऊ ठोकळे त्यांच्यापुढे मांडले, शेवटच्या नक्षीचं कार्ड ठेवलं आणि म्हटलं, "साहेब, आधी हे एवढं कराल का? दोन मिनिटं आहेत." आणि घड्याळ दाबलं. साहेबांना गंमत वाटली. त्यांनी बाह्या सारल्या. एका मिनिटानं गंमत कमी झाली. दीड मिनिटानं चौथीच्या बाई त्यांना मदत करायला वाकल्या, "नाही हो, तो तिकडे फिरवा." मोठ्या बाई खिडकीबाहेर बघत होत्या आणि त्यांचे खांदे हलत होते. दोन मिनिटं झाली. साहेब कपाळ पुसत म्हणाले, "छे, जमत नाही बुवा. होणार नाही हे." मी नोंदवही उघडली आणि वाचलं, "प्रयत्न लवकर सोडते. चिकाटी कमी." मग नववा ठोकळा उचलून सहाही बाजू त्यांना दाखवल्या, आणि हे कुणाच्या लक्षात आलं तेही सांगितलं. मग मी चव्वेचाळीस अहवाल टेबलावर ठेवले, सातवा रकाना वर येईल असे दुमडून, आणि म्हटलं, हे अक्षर माझं आहे.

तासभर घासाघीस झाली. साहेबांचा सूर आधी चढला, मग उतरला. अकरा वर्षांची चूक एका कागदावर कशी मान्य करायची, या प्रश्नावर ते बराच वेळ अडले. शेवटी 'फेरतपासणी' हा शब्द सापडला, आणि तो सापडल्यावर सगळ्यांना हायसं वाटलं. सत्र संपेपर्यंत एकही मूल खाली जाणार नाही. खाली आहेत त्यांना मी पुन्हा बघायचं. जी शाळा सोडून गेली त्यांचं काय, हे मी विचारलं, तेव्हा साहेबांनी कागदांचा गठ्ठा बांधायला घेतला. चौथीच्या बाई जाता जाता थांबल्या. म्हणाल्या, "मी तिला गोगलगाय म्हणते ते... वाईट वाटत असेल का हो तिला?" मी म्हटलं, "विचारून बघा." आणि सातवा रकाना मी त्याच संध्याकाळी टंकलेखन यंत्रावर नवा करून घेतला. वातावरण-बितावरण काढून टाकलं. आता तिथं प्रश्न आहे: 'मूल घरी काय काय करतं? ते त्याला कुणी शिकवलं?' खाली सहा ओळी, आणि भरायचं पालकांनी, घरी नेऊन, त्यांच्या सवडीनं. कारकून म्हणाला, "बाई, मोकळं ठेवलं कुणी तर?" मी म्हटलं, "मग मी जाऊन विचारीन."

पहिला भरलेला कागद सोमवारी आला, गोगलगायीच्या आईचाच. या वेळी ती जेवणाच्या सुट्टीत आली नाही. कारखाना सुटल्यावर आली, आणि मी थांबले होते. खुर्चीत मागे टेकून बसली. कागद माझ्या हातात दिला आणि मला वाचताना बघत राहिली. अक्षर मोठं, रेघ सोडून वर-खाली जाणारं. शर्ट तपासते. आधी उलटं बघते, मी शिकवलं. शेजारच्या आजोबांना पेपर वाचून दाखवते, त्यांनीच वाचायला लावलं. नळ गळत होता तो चिंधीनं बांधला, तिचं तिनं. धाकट्याला झोपवते. बटणांवरून शर्ट कुठल्या मापाचा ते सांगते. सहा ओळी संपल्या होत्या, आणि अगदी कोपऱ्यात, कागदाच्या कडेला चिकटून, दोन शब्द कसेबसे बसवले होते: मागे बघा.

मला आईच्या गाठी आठवल्या. एक सकाळची, दोन दुपारच्या. डोळे भरून आले, आणि मी ते या वेळी धुळीवर ढकलले नाही. समोरच्या बाईनं विचारलं, "काय झालं? काही चुकलं का?" मी म्हटलं, "नाही हो. आईची आठवण आली." ती म्हणाली, "बरं," आणि तिच्या त्या 'बरं'मध्ये खूप जागा होती.

मग मी कागद उलटा केला. मागची बाजू वरपासून खालपर्यंत भरलेली होती, आणि सगळ्यात तळाला, दुसऱ्या, बारीक आणि सरळ अक्षरात, खडूच्या रेघेसारखी एक ओळ होती: 'दोन्ही बाजू तपासल्या. बरोबर आहे.'